कोऱ्या पाठीचे कागद

भुईगाव, २३ जानेवारी १९५०

ग्रेसीच्या बापास,

तुम्ही जिवंत आहात असं धरून लिहिते. दर नाताळाला आश्रमाचे मॅनेजर दोन ओळी पाठवतात, 'प्रकृती जशीच्या तशी', आणि तेवढ्यावर मी वर्ष काढते. तुमच्याकडची ओळ येऊन किती काळ लोटला ते मी मोजत नाही. मोजायला बसलं की डोकं फिरतं आणि मग रहाटावरच्या बैलाला उगाच शिव्या बसतात.

राग मागाहून लिहीन, तो कुठे पळून जात नाही. आधी बातमी. ग्रेसीचं लग्न ठरलंय. मुलगा शेजारच्या निर्मळ गावचा, ॲन्सेल्म घोन्सालविस. वाडी स्वतःची, केळी चांगली, घडाचं एक लोंगर उचलावं तर दोन माणसं लागतात. मुलगा कमी बोलतो. मला वाटलं बरं आहे, आपल्या घरात बोलणारी एक मी आहेच. त्याची आई थेरेसा मात्र तोंडाची खमकी. विधवा बाईने तीन मुलं वाढवली म्हणजे असंच होतं म्हणा, मला दुसरीला नावं ठेवायला जागा नाही. लग्न उपवासकाळ लागायच्या आत, तेरा फेब्रुवारीला, सोमवारी.

काल पहिली पुकार झाली. मिस्सा संपताना फादरनी वाचलं, 'भुईगावचे पास्कल इनास तुस्कानो आणि मटिल्डा यांची कन्या ग्रेसी'. या लग्नाला कुणाची हरकत असेल तर कळवावं, असंही वाचलं. अजून दोन रविवार वाचतील. तुमचं नाव भर देवळात ऐकलं आणि मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. बाहेर आल्यावर बायकांनी घेरलंच. 'जावई बघायला बोटीवरून येतो की नाही गं पास्कल?' मी म्हटलं, बोट मोंबासाला आहे, साहेब रजा देत नाही. आता मला ते इतकं सफाईने येतं की कधीकधी बोटीचा भोंगापण ऐकू येईल असं वाटतं.

तुम्हीच सांगून गेला होतात, गावाला बोटीवर गेला म्हणून सांग, नाहीतर पोरीला कुणी दारात उभं करणार नाही. मी सांगितलं. पोरीलाही तेच सांगितलं. तेव्हा ती दहा वर्षांची, आता एकोणीस संपेल. रोज संध्याकाळी रोझरीत समुद्रावरच्या माणसांसाठी ती एक जास्तीचा 'नमो मारिया' म्हणते. मी शेजारी बसून आमेन म्हणते. तुमची आज्ञा अशी पाळली आहे मी.

गुरुवारी आपलं राज्य प्रजासत्ताक होणार. गावात धांदल आहे. शाळेत पताका करायचं काम चाललंय, भालचंद्र मास्तरांनी माझ्याकडून खळ शिजवून मागितली. रेशनचा तांदूळ, त्यात खळ ती कसली, पेजच ती. पण दिली शिजवून.

लग्नाला तुमचा आशीर्वाद हवा. एक ओळ पाठवा. ग्रेसीला दाखवता येणार नाही, पण माझ्यापाशी असू दे.

मटिल्डा


२८ जानेवारी

ग्रेसीच्या बापास,

बसून वाचा. उभे असाल तर बसा.

गावाला कळलं. निर्मळला कळलं. ग्रेसीला कळलं.

कसं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मीच कुठे तोंड उघडलं. ग्रेसी चौथीत असताना जिल्हा बोर्डाचे डॉक्टर शाळेत मुलं तपासायला आले होते. त्यांनी मला बोलावून घेतलं, दार लोटलं आणि विचारलं, घरात कुणाला मोठा आजार? मी आधी नाही म्हटलं. मग पोरीचा विचार आला. तिला उद्या काही निघालं आणि वेळेवर कळलं नाही तर? म्हणून सांगितलं. नऊ वर्षांत खरं बोलले ती तेवढीच. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, 'बाई, हा कागद गुप्त. बोर्डाच्या कपाटातून बाहेर येणार नाही, देवाशपथ.' सातवीपर्यंत दरसाल येऊन त्याने पोरीला तपासलं. अंगावर एक ठिपका नाही निघाला.

आता बोर्डाची अक्कल ऐका. सव्वीस तारखेसाठी हुकूम निघाला, शाळाशाळांनी पताका लावाव्या. कागद महाग. तेव्हा कचेरीतल्या कुणा शहाण्याने जुने गठ्ठे काढले, ज्यांची पाठ कोरी आहे असे, आणि वाटले गावोगाव. तपासणीचे कागद पंजाएवढे, कापायचीही गरज नाही. मास्तर तर खूश झाले. लिहिलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर, सुतळीवर दुमडून खळ लावली की झाली पताका. एक माळ केशरी रंगवली, एक हिरवी, मधली पांढरी तशीच ठेवली. कुणी आत वाचलं नाही. पोरांना काय, आणि मास्तरांना घाई.

गुरुवारी झेंडा लागला, साखर वाटली, मी पण गेले होते. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. त्या रात्री दहिवर असं पडलं की सकाळी केळीच्या पानांवरून टपटप गळत होतं. खळ ती पेजेसारखी, निर्मळलाही रेशनचीच. सगळ्या पताका उकलल्या आणि आतली बाजू बाहेर आली. देवळाच्या रस्त्यावर पोरांची नावं, बापांची नावं, रोग, सगळं वाऱ्यावर.

गठ्ठे वाटताना गावंही उलटीसुलटी झाली होती. आमच्याकडे निर्मळच्या पोरांचे कागद, निर्मळला आमच्या. त्यामुळे आधी आम्हाला गंमत वाटली. हो, वाटली. मी स्वतः मान वर करून वाचत होते, कुणाच्या पोराला फेफरं येतं, कुणाची आई माहेरी निघून गेलीय. मग बायजा आली. अर्नाळ्याची, आपल्याकडे बोंबील घालते ती कोळीण. पाटी खाली टाकली आणि म्हणाली, 'मटिल्डाबाय, मना अगोदर पानी दे.' प्यायली. मग म्हणाली, 'मना वाचता येत नाय, पन निर्मलच्या नाक्यावर लोक एक कागद वाचतान आनि तुज्या घोवाचं नाव घेतान. रगतपिती म्हनतान.'

मी तशीच धावत निघाले. डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही. निर्मळच्या तळ्यापर्यंत पोचले तेव्हा लोक काठ्या घेऊन माळा खाली ओढत होते. जो तो आपला कागद शोधतोय आणि शोधता शोधता दुसऱ्याचा वाचतोय. आपला कागद ॲन्सेल्मच्या चुलत्याच्या हातात होता. त्याने तो मला दिला, पण दोन बोटांनी धरून, विंचू धरावा तसा. 'वडील महारोगी. आश्रमात. मुलगी निर्दोष. दरवर्षी पाहावी.' मुलगी निर्दोष हे कुणी वाचलंच नाही. तेही तिथेच लिहिलंय की!

घरी आले तर ग्रेसी उंबऱ्यात बसलेली. तिला सांगायला दहा जणी आधीच येऊन गेल्या होत्या. म्हणाली, 'आय, मी इतकी वर्षं कुठल्या समुद्रासाठी रोझरी म्हटली?' मी चूल पेटवली.

आज बोर्डाचा माणूस आला. कोट, टोपी, हातात पिशवी. देवळासमोर उभा राहून म्हणाला, 'नजरचुकीने काही गुप्त कागद बाहेर गेले आहेत. ते ताबडतोब परत करावेत. कुणी वाचू नयेत.' लोक हसले. मी हसले नाही. मी त्याला विचारलं, 'साहेब, कागद परत देते. वाचलेलं कसं परत देऊ?' तो म्हणाला, बाई, तसा अर्ज करा. मग मात्र मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, तुम्ही आश्रमात आहात, सिस्टर लोकांच्या हाती पत्र पडायचं.

थेरेसाकडून अजून काही निरोप नाही. उद्या दुसरी पुकार.

मटिल्डा


३० जानेवारी

ग्रेसीच्या बापास,

काल दुसरी पुकार झाली. फादरनी तसंच वाचलं, जसं पहिल्यांदा वाचलं होतं. आमच्या बाकावर आम्ही दोघीच. बाकीच्यांना काल एकाएकी मागची जागा आवडायला लागली.

दुपारी थेरेसा आली. एकटी. मी मनाची तयारी केली होती की आता साखरपुड्याची अंगठी मागणार. पण तिने आधी ग्रेसीला विहिरीवर पाठवलं आणि मग बसली. पाणी दिलं तर प्यायली, हे मी पाहिलं. आपल्या घरचं पाणी प्यायली ती.

म्हणाली, 'मटिल्डा, पोरीत मला खोट दिसत नाही. डॉक्टरने लिहिलंय, मी स्वतः डोळ्यांनी वाचलं. फादरना विचारलं, ते म्हणाले या लग्नाला देवाची काही हरकत नाही. पण मला देवाबरोबर संसार करायचा नाही, निर्मळमध्ये करायचाय. मला अजून दोन मुली उजवायच्यात.'

मी विचारलं, मग काय म्हणणं आहे?

'मेलेल्या माणसाचा रोग कुणी काढत नाही. आज तो जिवंत आहे म्हणून लोक विचारतात, उद्या बरा होऊन दारात आला तर? नातवाला मांडीवर घेतलं तर? तू फादरना सांग, आश्रमातून कळलंय, गेला. तिसऱ्या पुकारीत मयत पास्कल म्हणून वाचू देत. त्याच्या नावाने मयताचा मिस्सा घाल, तू काळं लुगडं नेस. सोमवारी लग्न ठरल्याप्रमाणे. मी स्वतः ढोल लावून लग्नाआधीच्या उंबराच्या पाण्याच्या विधीला येईन.'

तिच्यावर ओरडावं असं वाटलं आणि ओरडता आलं नाही. ती दुष्ट बाई नाही हो. तिने तोंड फिरवून घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने वाट काढून दिली, आणि वाट तुमच्या अंगावरून जाते.

मी म्हटलं, विचार करून सांगते.

आता तुम्ही सांगा. पोर तुमची पण आहे. हे मोडलं तर दुसरं येणार नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिला विचारलेलं नाही. या वेळी तरी गप्प बसू नका. हो की नाही, तेवढंच कळवा. शनिवारपर्यंत पोचेल असं बघा, रविवारी तिसरी पुकार आहे.

मटिल्डा


४ फेब्रुवारी, शनिवार

ग्रेसीच्या बापास,

तुमचं कार्ड पोचलं.

कार्ड! बंद लिफाफा मिळाला नाही का हो तिकडे? विठ्ठल पोस्टमनने वाटेत वाचलं असणार, कारण त्याने ते माझ्या हातात न देता, खाली बघत ग्रेसीच्या हातात दिलं आणि सायकलवर चढून पळाला. बोर्डाकडून राहिलं होतं ते तुम्ही पुरं केलं.

'मयत म्हणून वाचू द्यावे. माझी हरकत नाही. पोरीचं भलं व्हावं. इकडे कुणी येऊ नये, तोंड दाखवण्यासारखं राहिलेलं नाही. पास्कल.'

बस्स. एवढं सोपं? इतक्या वर्षांत एक ओळ लिहायला तुम्हाला माणूस मिळाला नाही, आणि मरायचं म्हटल्याबरोबर पाच दिवसांत उत्तर!

तुम्हाला वाटेल, हिनेच विचारलं आणि हीच भांडते. तर ऐका. मागच्या पत्रात मी थापच मारली. विचार करून सांगते असं मी थेरेसाला म्हटलंच नव्हतं. मी तिला त्याच क्षणी 'बरं' म्हटलं होतं. ती उठायच्या आत म्हटलं. काळ्या लुगड्याचं कापडसुद्धा बघून ठेवलं. आणि मग तुम्हाला लिहायला बसले, का, तर तुम्ही नाही म्हणाल म्हणून. तुम्ही ओरडाल, शिव्या द्याल, म्हणाल, 'मटिल्डा, मी जिवंत आहे, मला मारतेस काय गं?' मग मी थेरेसाला सांगितलं असतं, बाई, नवरा ऐकत नाही, माझा नाइलाज आहे. तुमच्या मागे लपायचं होतं मला. एक दिवस तरी नवरा असल्यासारखं वाटलं असतं.

आणि तुम्ही म्हणता हरकत नाही.

ग्रेसीने कार्ड दोनदा वाचलं. मग मला विचारलं, 'आय, हे बाचं अक्षर?' मी म्हटलं, नाही, बोटांनी लिहिता येत नाही म्हणे आता, कुणीतरी लिहून दिलंय. ती म्हणाली, 'मग सही तरी त्याची आहे का?' मी बघितलं. पास्कल हे नाव वाकडंतिकडं, एकेक अक्षर दुसऱ्याच्या अंगावर पडलेलं. ते तुमचंच. मला ते बघवेना.

तिला सगळं सांगावं लागलं, थेरेसाचं, माझ्या 'बरं'चं. मला वाटलं ओरडेल, माझीच पोर आहे. ती उठली. केस विंचरले, चांगली साडी नेसली आणि देवळाकडे गेली. मी विचारलं कुठे, तर म्हणाली फादरना भेटायला. मी मागे जाणार होते. पण अंगणापर्यंत जाऊन परत आले.

मी दारात बसून हे लिहितेय. ती अजून यायची आहे. आत जाऊन ती काय सांगते आहे, मला ठाऊक नाही. मयत म्हणा असं सांगत असेल तर तेरा तारखेला लग्न. आणि तसं सांगत नसेल तर, देवा, मी काय करू? मला दोन्ही नको आहे.

मटिल्डा


६ फेब्रुवारी, सोमवार

ग्रेसीच्या बापास,

काल देऊळ तुडुंब भरलं होतं. एरवी मिस्साच्या वेळी नारळाखाली विड्या फुंकणारे गडीसुद्धा आत. तुम्ही मयत होता की नाही हे बघायला आले होते सगळे. मी पांढरंच लुगडं नेसून गेले, ग्रेसीने काळं नेसू दिलं नाही. आदल्या दिवशी फादरकडे काय बोलणं झालं तेही तिने सांगितलं नव्हतं. 'उद्या ऐकशील' एवढंच.

फादर पुकारीला उभे राहिले. एका जोडप्याची पहिली पुकार वाचली. दुसऱ्या एकाची दुसरी वाचली. कागद घडी करून ठेवला. आमची वाचलीच नाही, ग्रेसीनेच ती थांबवायला सांगितली होती.

मग म्हणाले, 'आजचा मिस्सा भुईगावचे पास्कल इनास तुस्कानो यांच्यासाठी. ते महारोग आश्रमात आजारी आहेत. त्यांना आराम पडावा म्हणून मुलगी ग्रेसी हिने हा मिस्सा सांगितला आहे. आपण सर्व प्रार्थना करू.'

सगळं देऊळ वळून आमच्याकडे बघत होतं. ग्रेसी पुढे बघत होती. मग म्हाताऱ्या फिलोमिनाने मागून 'हे प्रभू, आमची विनवणी ऐक' असं मोठ्याने म्हटलं, आणि दोन-चार आवाज मिळाले. सगळे नाही. निम्मे तोंड मिटून होते. मीही मिटूनच होते.

दुपारी ॲन्सेल्म सायकलवरून आला. आत आला नाही, केळीखाली उभा राहिला. ग्रेसी बाहेर गेली. मी खिडकीतून ऐकत होते, ऐकू नये हे कळतं मला. तो म्हणाला, 'तू एक शब्द बोलली नसतीस तर सगळं झालं असतं. मला तू हवी होतीस.' ती म्हणाली, 'मग हे तुझ्या आईला सांग.' तो हँडलशी चाळा करत म्हणाला, 'आईपुढे मला बोलता येत नाही.' ग्रेसीने अंगठी काढून त्याच्या खिशात घातली. म्हणाली, 'तर मग घरी जा.'

तो गेला. लग्न मोडलं. झालं.

मी तिला खूप बोलले, खोटं कशाला लिहू. म्हटलं, लग्न म्हणजे काय दारात रोज येणारी बायजेची पाटी आहे का, आज नको, उद्या घेऊ? कोण येणार आहे आता तुझ्या दारात? बापाने स्वतः हो म्हटलं होतं. मी हो म्हटलं होतं. एक शब्दच तर वाचायचा होता फादरनी. कोणाचं काय जात होतं?

ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, 'आय, मयताचा मिस्सा आताच घालून मोकळे झालो असतो. मग बा खरंच मेला की आपण कुठे रडायचं होतं?'

मी तिथेच राखेत बसले. नऊ वर्षांचं रडले, बोटीच्या नावाने कधी रडता आलं नव्हतं तेवढं. तिने हात धुतले नाहीत, तसेच माझ्या पाठीवर ठेवले.

मी सुखात आहे, असं समजू नका. मला राग आहे. बोर्डाचा आहे, ॲन्सेल्मचा आहे, तुमचा तर आहेच. रात्री जाग आली की वाटतं, पोरीने आयुष्याचं वाटोळं केलं. सकाळी ती रहाटावर बैल फिरवताना दिसते तेव्हा वाटत नाही. असं माझं चाललंय.

तर आता ऐका. ज्या दिवशी लग्न होतं, त्या दिवशी, येत्या सोमवारी, आम्ही दोघी तुमच्याकडे येतो. येऊ नका असं लिहिलंत तरी येणार, तेव्हा कार्डाचा खर्च करू नका. मॅनेजरना मी वेगळं पत्र टाकलंय. पोर दहा वर्षांची तुम्ही सोडली होतीत, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, नाक तुमचं आहे.

तुमचं तोंड कसं झालंय ते मला माहीत नाही आणि ती त्याबद्दल विचारतही नाही. तुम्ही आत जाऊन बसाल, चादर ओढून घ्याल, मी ओळखते तुम्हाला. ते चालायचं नाही. सगळ्या गावासमोर तिने सांगितलंय की तुम्ही जिवंत आहात. फाटकापाशी येऊन उभे राहा.

मटिल्डा